उलटवताय तर कारण लिहा

विकीवर, म्हणजे मराठी विकिपीडियावर, सगळ्यात सोपं काम कुठलं असेल तर दुसऱ्यानं लिहिलेलं उलटवणं. एक परिच्छेद नीट लिहायला अख्खी रात्र जाते, त्याला संदर्भ शोधायला लायब्ररीत दोन-तीन चकरा होतात आणि तोच परिच्छेद पानावरून काढायला एक क्लिक पुरतं, तेही मोबाईलवर, सात रस्त्याला सिग्नल सुटायची वाट बघत. माझं म्हणणं एवढंच आहे की हे क्लिक इतकं सोपं आहे म्हणूनच ते करणाऱ्यानं कारण लिहिलं पाहिजे, दर वेळी लिहिलं पाहिजे. चार शब्द का असेनात, पण ज्याचं लिखाण आपण काढलं त्याला ते कळले पाहिजेत. यातून जुन्या सदस्यांना सूट नको, देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या प्रचालकांना नको आणि मलाही नको. उघड शिवीगाळ, अख्खं पान कोरं करणं, कीबोर्डवर हात फिरवून टाकलेली अक्षरं, एवढंच काय ते सोडा.

मी सोलापूरचा. दिवसा एका गारमेंट युनिटचे हिशेब बघतो आणि रात्री जेवणं उरकली की तास-दीड तास विकीवर असतो, नऊ वर्षं झाली याला. सोलापूर शहर, सिद्धेश्वर, गड्डा यात्रा, भुईकोट किल्ला, सोलापुरी चादर, नान्नजचं माळढोक अभयारण्य, डॉ. कोटणीस अशी साठेक पानं माझ्या निरीक्षणसूचीत आहेत, म्हणजे त्यात कुणी एक अक्षर जरी हलवलं तरी ते माझ्या यादीत येतं. या नऊ वर्षांत मी हजाराच्या वर बदल उलटवले असतील. त्यातले बरेचसे मी कारण न लिहिता उलटवलेत हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहितोय ते त्यातूनच आलंय.

ज्यांनी विकीवर 'इतिहास' कधी उघडून बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पान जितक्या वेळा जतन होतं तितक्या त्याच्या आवृत्त्या साठत जातात, आधीची एकही पुसली जात नाही. दोन आवृत्त्या निवडल्या की 'फरक' दिसतो, डावीकडं जुनं, उजवीकडं नवं, बदललेली अक्षरं रंगवलेली. तिथंच 'उलटवा' असतं, त्यानं तो एक बदल मागं जातो आणि जतन करायच्या आधी आढाव्याची चौकट समोर येते, जिथं कारण लिहायचं असतं. दुसरा प्रकार 'द्रुतमाघार', तो सगळ्यांना मिळत नाही, ज्यांना अधिकार दिलाय त्यांनाच मिळतो, आणि त्यात पानावरच्या शेवटच्या माणसाचे लागोपाठचे सगळे बदल एका फटक्यात जातात, कारण विचारायला कुणी थांबत नाही. तिसरा म्हणजे जुनी आवृत्ती उघडायची आणि तीच परत जतन करायची, यात मधल्या पाच माणसांची चांगली कामंसुद्धा वाहून जाऊ शकतात आणि हे लई जणांच्या लक्षातच येत नाही.

विकी ही कल्पनाच या मागं जाण्यावर उभी आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ ला पहिली विकी सुरू केली, नाव घेतलं हवाई बेटांच्या भाषेतल्या 'विकी' म्हणजे 'झटपट' या शब्दावरून. झटपट लिहा, चुकलं तर झटपट दुरुस्त करा. आपल्या मराठी विश्वकोशाची पद्धत याच्या बरोब्बर उलटी, तिथं तज्ज्ञाकडून नोंद मागवायची, तपासायची, संपादकांच्या हाताखालून घालायची आणि मग छापायची, पहिला खंड आला १९७६ साली. ती पद्धत वाईट नाही, मी आजही एखाद्या गोष्टीची खात्री करायला आधी विश्वकोश उघडतो. पण तिथं चूक छापली गेली तर पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबायला लागायचं. विकीनं हे तपासणं छापायच्या आधी न करता छापल्यानंतर ठेवलं. म्हणजे जो माणूस 'उलटवा' दाबतो तो विकीचा संपादक आहे, त्या क्षणापुरता का होईना, आणि संपादकानं लेख परत पाठवताना दोन ओळी लिहाव्यात ही अपेक्षा काही जगावेगळी नाही.

आता उलटवायलाच नको असं म्हणणारे पण भेटतात, सगळ्यांचं राहू द्या म्हणतात, लोकशाही आहे म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही. २००५ साली अमेरिकेतले पत्रकार जॉन सीगेनथालर यांच्या इंग्रजी विकिपीडियावरच्या पानात कुणीतरी लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा एकेकाळी संशय होता. धादांत खोटं. मे महिन्यात टाकलेलं ते सप्टेंबरपर्यंत तसंच राहिलं, जवळपास चार महिने. ज्या माणसाबद्दल लिहिलं तो तेव्हा जिवंत होता, त्याला शेजारीपाजारी, घरची माणसं होती, आणि पान सगळं जग वाचत होतं. असलं एक वाक्यसुद्धा वेळेत न उलटवणं म्हणजे त्या माणसावर अन्याय करणं. त्यामुळं उलटवलंच पाहिजे, पटकन उलटवलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि सगळ्यात वाईट उत्पात, म्हणजे पानाची मुद्दाम केलेली नासधूस, शिव्यांचा नसतो, हे मी अनुभवानं सांगतो. शिवी कुणालाही दिसते, दहा मिनिटांत कुणीतरी काढतं. वाईट असतो तो एका आकड्याचा बदल. इतिहासात प्रत्येक बदलापुढं कंसात किती बाइट, म्हणजे मजकूर मोजायचं माप, वाढले किंवा कमी झाले ते दिसतं, आणि देवनागरीत एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात, काना, मात्रा, उकार सगळे वेगळे मोजून. म्हणजे 'सोलापूर' हा एक शब्द काढला की उणे २१ दिसतं. मोठी खाडाखोड केली की उणे दोन हजार, तीन हजार असा आकडा ठळक होऊन डोळ्यात भरतो. पण कुणी १९३१ चं १९३२ केलं तर? तीन बाइट गेले, तीन बाइट आले. समोर दिसतं शून्य.

हे मी उदाहरण म्हणून बनवून सांगत नाहीये. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात काय झालं हे इथल्या पोरासोरांना माहीत असतं, इंग्रजांचा अंमल काही दिवस उठला, मग मार्शल लॉ आला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. या मजकुरातलं ते साल कुणीतरी १९३२ केलेलं होतं. बदलापुढं शून्य, आढावा कोरा, आणि मी यादीवरून नजर फिरवताना शून्य बघून पुढं गेलो. पाच आठवडे ते तसंच राहिलं. मला कळलं कसं, तर माझी पुतणी सातवीत होती, हुतात्मा दिनाला शाळेत भाषण करायचं म्हणून वहीत लिहून आणलं होतं आणि म्हणाली काका जरा बघता का. वहीत १९३२. मी म्हणलं हे कुठनं आणलंस, तर म्हणाली, "तुमच्या विकीवरनंच की."

तुमच्या विकीवरनं. मी लगेच उघडलं, बदल सापडला, 'उलटवा' दाबलं तर होईना. मधल्या पाच आठवड्यांत तीन जणांनी त्याच ओळींत कुठं स्वल्पविराम, कुठं दुवा असं काहीबाही केलं होतं, आणि नंतरचे बदल त्याच ओळीवर बसले असतील तर यंत्र तो एक बदल सुटा करून मागं नेऊ शकत नाही, हातानं दुरुस्त करा म्हणतं. केलं हातानं. पण त्या तीन जणांनीसुद्धा ते साल वाचलं असणार, ओळ तीच होती ना, आणि कुणाला खटकलं नाही. सोलापूरच्या पानांवर सोलापूरचे डोळे का पाहिजेत याचं याच्यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडं नाही. इंग्रजी विकिपीडियावर क्लूबॉट एनजी नावाचा बॉट आहे, उत्पात ओळखून आपोआप काही सेकंदांत उलटवतो, पण फाशीचं साल ३१ का ३२ हे कुठला बॉट ओळखणार, त्याला दोन्ही सारखेच आकडे.

म्हणजे उलटवणं महत्त्वाचं. मग माझी तक्रार नक्की कशाबद्दल आहे ते आता सांगतो.

सोलापूर हे नाव कसं आलं असं इथं कुणालाही विचारलं तर उत्तर येतं, सोळा गावांचं मिळून झालं म्हणून सोलापूर. आदिलपूर, अहमदपूर, फतेहपूर, खादरपूर, राणापूर, संदलपूर, सोनापूर अशी नावंही जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरमध्ये दिलेली आहेत. आम्ही लहानपणापासून हेच ऐकलेलं. विकीवरच्या पानातही हेच होतं, एका वाक्यात, आणि खरं सांगायचं तर त्यालाही संदर्भ नव्हता. एका रात्री नव्या खात्यानं ते वाक्य काढून त्याच्या जागी लिहिलं, "शहराचा मूळ नाव सोन्नलगे होता, सोळा गाव हा नंतरचा गोष्ट आहे." मी बघितलं. व्याकरण चुकलेलं, संदर्भ नाही, होतं ते वाक्य उडवलेलं. मी उलटवलं. मिनिटभरसुद्धा गेलं नसेल. आढावा कोरा, म्हणजे 'अमक्याचा बदल उलटवला' असं जे आपोआप येतं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं परत तेच लिहिलं. मी परत उलटवलं. तिसऱ्यांदा तो आला नाही.

आपण सोलापुरात राहतो, इथं निम्म्या गल्ल्यांत घरात कन्नड नाहीतर तेलुगू बोलतात, उर्दू बोलतात, आणि बाहेर आले की मराठी. 'शहराचा नाव' असं म्हणणारी माणसं मी रोज ऐकतो, दुकानात, मागावर, बँकेच्या रांगेत, आणि कधीही त्यांना अडाणी समजत नाही. कन्नडमध्ये वस्तूंना तो-ती नसतं, सगळं ते. मराठीत आल्यावर कुठं काय लावायचं यात त्यांची गडबड होणारच. हे सगळं माहीत असून मी पडद्यावर तेच वाचलं आणि उत्पात समजून मोकळा झालो. दोन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी जिल्ह्याचं गॅझेटियर चाळत होतो, तर त्यात स्पष्ट लिहिलेलं की शिवयोगी सिद्धेश्वरांच्या काळच्या, कल्याणीच्या कलचुरींच्या वेळच्या कोरीव लेखांवरून या गावाचं नाव सोन्नलगे होतं असं दिसतं, मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शके १२३८ च्या लेखात सोनलीपूर येतं, किल्ल्यातल्या एका लेखात सोनलपूर, किल्ल्यातल्या विहिरीवर संदलपूर. कन्नड वचन साहित्यात तर सिद्धरामांची, म्हणजे याच सिद्धेश्वरांची, ओळखच सोन्नलिगेचे सिद्धराम अशी आहे. त्या माणसाला हे घरातूनच माहीत असणार, कदाचित आजीकडनं, कदाचित मठातल्या प्रवचनातनं, आणि ते तो मराठीत आणून देत होता.

मी पान नीट लिहिलं, दोन्ही गोष्टी ठेवल्या, सोळा गावांची समजूत आणि कोरीव लेखांतली नावं, दोन्हीला संदर्भ लावला. त्याच्या चर्चा पानावर माफी मागितली, तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं, परत या असं लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याचं 'योगदान' उघडलं तर आजही दोनच ओळी दिसतात, दोन्हीपुढं 'उलटविले' अशी खूण. तो कोण, बुधवार पेठेतला का अक्कलकोट रोडवरचा, म्हातारा का तरुण, मला कधीच कळणार नाही.

मी पहिल्या वेळी आढाव्यात "संदर्भ द्या, मग ठेवू" एवढे चार शब्द लिहिले असते तर काय झालं असतं, हे मी खूप वेळा मनात घोळवलंय. तो दुसऱ्या दिवशी आलाच होता ना. म्हणजे रागावून निघून गेला नव्हता, त्याला वाटलं असेल की काहीतरी तांत्रिक गडबड होऊन गेलं, परत टाकू. त्याला काय पाहिजे ते कुणी सांगितलंच नाही. उलटवलेल्या बदलाची सूचना खातेदाराला जाते, घंटी वाजते, आणि त्या घंटीत फक्त एवढंच की तुमचं काढलं. का काढलं ते नाही. आपल्याकडं दारात आलेल्या माणसाला पण आपण नाही म्हणताना काहीतरी सांगतो, आज घरात कुणी नाही, उद्या या, दार नुसतं आपटत नाही.

हा माझ्या एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देता आला असता, पण तसं नाहीये. २००७ नंतर इंग्रजी विकिपीडियावर नियमित लिहिणाऱ्यांची संख्या घसरायला लागली, ती का घसरली यावर ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २०१३ ला प्रसिद्ध झाला. उत्पात थांबवायला जे नियम आणि जी साधनं तयार केली त्यांच्या जाळ्यात चांगल्या हेतूनं आलेली नवी माणसं पण जास्त-जास्त सापडायला लागली, त्यांचे बदल उडवले जायला लागले, आणि ज्याचं पहिलंच लिखाण उडालं तो परत यायची शक्यता कमी झाली, हा त्यातला मुद्दा. इंग्रजीचं एक वेळ चालून जाईल, त्यांच्याकडं माणसांचा साठा मोठा आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, आणि इतकी वर्षं होऊनही रोज रात्री अलीकडील बदल उघडले की तीच-तीच नावं दिसतात. एक माणूस गेला की आपल्याला तो दिसतो. सोलापूरसारख्या गावाबद्दल, आणि त्यातही कन्नड-तेलुगू-मराठी तिन्हीकडचं माहीत असलेला माणूस, असे किती मिळणार?

यावर जुनी मंडळी जे म्हणतात तेही खरं आहे, आणि ते मी टाळणार नाही. ती म्हणतात, बाबा, आम्ही पगारी नाही. नोकरी-धंदा सांभाळून बसतो, समोर वीस-वीस फालतू बदल असतात, कुणी आपल्या नगरसेवकाची स्तुती घातलीय, कुणी स्वतःच्या दुकानाचा मोबाईल नंबर घातलाय, कुणी जातीचा अभिमान घातलाय, प्रत्येकाला कुठं पत्र लिहीत बसू. थकवा खरा आहे, मी रोज अनुभवतो, जानेवारीत तर जास्तच. पण मी मोजून बघितलंय. आढाव्यात "संदर्भ नाही", "जाहिरात आहे", "दुसऱ्या साइटवरून जसंच्या तसं घेतलंय", "साल चुकीचं, गॅझेटियर बघा" असलं काहीतरी टाकायला मला दहा सेकंद लागतात, वीस बदलांचे मिळून जेमतेम साडेतीन मिनिटं. आणि ही साडेतीन मिनिटं वाया जात नाहीत, कारण कारण लिहायला गेलं की माणूस फरक परत एकदा वाचतो. मला सोन्नलगेच्या वेळी कारण लिहावं लागलं असतं तर मी काय लिहिलं असतं? "व्याकरण चुकलंय"? मग लगेच लक्षात आलं असतं की व्याकरण तर मला दुरुस्त करता येतं, त्यासाठी उलटवायचं काय कारण. "संदर्भ नाही"? मग लक्षात आलं असतं की मी परत आणतोय त्या वाक्यालाही नाही. लिहायला बसलो असतो तर कारण सापडलंच नसतं. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यात मोठा फायदा आहे, समोरच्याला कळणं हा त्याच्या नंतरचा.

एक वेगळा प्रसंग सांगतो, त्यात उलटवणं बरोबरच होतं. एका कॉलेजात विकीची कार्यशाळा होती, मी मदतीला गेलो होतो. पंचवीस मुलं-मुली, एक कॉम्प्युटर लॅब, सगळ्यांनी आपापल्या गावावर लिहायचं. तासाभरात निम्म्यांनी कुठल्या-कुठल्या वेबसाइटवरून उचलून चिकटवलं, कारण त्यांना शाळेपासून प्रोजेक्ट तसंच करायची सवय लागलेली. विकिपीडियावरचा मजकूर सीसी बाय-एसए या मुक्त परवान्याखाली असतो, कुणीही वापरावा असा, त्यामुळं दुसऱ्याच्या हक्काचा मजकूर तिथं टाकून तो मुक्त आहे असं सांगता येत नाही, तो काढावाच लागतो. पटापटा उलटवला गेला सगळा. पोरांची तोंडं पडली. पण ज्यानं उलटवलं त्यानं प्रत्येक ठिकाणी लिहिलं होतं की हे अमक्या साइटवरून आहे, स्वतःच्या शब्दांत लिहा, धूळपाटीवर सराव करा. मंगळवेढ्याकडच्या एका मुलीनं ते वाचलं, मला विचारलं, "सर, स्वतःच्या शब्दांत म्हणजे आमच्या आईला सांगतो तसं चालतंय का?" मी म्हणलं चालतंय, फक्त हे तुला कुठनं कळलं ते खाली लिही. तिनं ज्वारीवर सहा वाक्यं लिहिली. ती राहिली.

काही लोकांचा उपाय वेगळा आहे, पानाला कुलूप लावा म्हणतात. नव्यांना लिहूच देऊ नका, नाहीतर आधी जुन्यांनी मान्य करू दे मग दिसू दे. जर्मन विकिपीडियावर २००८ पासून असली व्यवस्था आहे, नव्या माणसाचा बदल अनुभवी माणसानं बघितल्यावरच वाचकाला दिसतो. सीगेनथालर प्रकरणानंतर इंग्रजीतही खातं नसलेल्यांना नवीन पान तयार करायची बंदी आली. ज्या पानावर रोज मारामारी चालते, एखादं नामांतर, एखादी निवडणूक, तिथं थोडे दिवस कुलूप लावायला माझी हरकत नाही. पण सरसकट? आपल्याकडं मान्य करायला माणसं कुठं आहेत? नवा बदल चार-चार दिवस पडून राहील, आणि नव्या माणसाला ते उलटवण्याइतकंच कोरं वाटेल. शिवाय ते १९३२ साल एका जुन्या, बऱ्यापैकी बदल केलेल्या खात्यावरून आलेलं होतं. कुलपातनं ते आत गेलंच असतं.

खेचाखेचीबद्दल एकच सांगतो. दोघं एकमेकांचं उलटवत बसले की इंग्रजी विकिपीडियावर नियम आहे, एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर बंदी येऊ शकते. लई जण याचा अर्थ असा घेतात की तीनदा उलटवायचा आपल्याला हक्क आहे. तसा तो नाही. मला विचाराल तर उत्पात नसेल तर एकदाच उलटवावं आणि दुसऱ्यांदा हात लावायच्या आधी चर्चा पानावर जावं. मी त्या माणसाचं दुसऱ्यांदा उलटवलं तेव्हा कुठलाही नियम मोडला नव्हता, आणि तरी ते चूकच होतं. त्यामुळं नियमात बसलं की झालं असं मला आता वाटत नाही.

चावडीवर, म्हणजे विकीवरच्या सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, मी हे मांडलं तेव्हा एकानं विचारलं की मग सक्ती करायची का, आढावा कोरा असेल तर जतनच होऊ द्यायचं नाही का. तांत्रिकदृष्ट्या अशी आठवण करून देणारी सोय आहे, प्रत्येक सदस्य आपल्या पसंतीक्रमात ती लावून घेऊ शकतो, कोरा आढावा असला की यंत्र एकदा टोकतं. मी लावून घेतलीय. सगळ्यांवर लादली तर लोक नुसता एक टिंब टाकून पुढं जातील, हेही मला माहीत आहे. म्हणून मी सक्ती मागत नाही. मी मागतोय ते असं की ज्यांना द्रुतमाघाराचा अधिकार मिळतो त्यांच्याकडनं ही अपेक्षा उघडपणे ठेवावी, अधिकार देताना त्यांचे मागचे पन्नास उलटवलेले बदल उघडून बघावेत, कितीपुढं कारण आहे ते मोजावं, आणि नसेल तर थोडं थांबा म्हणावं. माझे बघितले असते तर मला मिळाला नसता, आणि ते योग्यच झालं असतं.

यंदा संक्रांतीच्या आठवड्यात गड्डा यात्रेच्या पानावर एका नव्या खात्यानं बराच मजकूर टाकला. सातही नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, कुठनं कसे निघतात, अडुसष्ट लिंगांच्या फेरीत कुठं थांबतात, अक्षता सोहळ्याला कोण कुठं उभं राहतं, होम मैदानावर किती वाजता पोचतात. शेवटी लिहिलं होतं, "आमच्या घरच्यांनी पण काठी धरलेली आहे." वाचताना मला गर्दी, हलग्या, पांढऱ्या बाराबंद्या सगळं दिसायला लागलं. तरी संदर्भ एकही नाही, आणि आमच्या घरचे हे विकीवर चालत नाही. जेवढं आधीपासून छापील पुस्तकात मला माहीत होतं तेवढं मी ठेवलं, बाकीचं काढलं, आणि आढाव्यात लिहिलं, "माहिती चांगली आहे, वेळा आणि मार्गाला छापील आधार पाहिजे, चर्चा पानावर बोलू." तिथं त्यानं दोन दिवसांनी विचारलं, "यात्रेची पत्रिका असते आमच्याकडं, जुन्या पण आहेत, चालेल का?" मी लिहिलं, वेळा आणि मार्गापुरती चालेल, कुठल्या सालची आहे ते दिसू द्या.

पत्रिका त्यानं अजून दिलेली नाही. पण गेल्या आठवड्यात त्याच खात्यानं हिप्परग्याच्या तलावाच्या पानावर एक बदल केला. बदलापुढं अधिक ३, आणि आढाव्यात लिहिलेलं, "अनुस्वार राहिला होता."